राक्षसाची जात

१९७७ साली अमेरिकेत छापलेल्या एका पुस्तकात आपल्याकडच्या राक्षसाची नोंद आहे. डोकं वाघाचं, अंगात श्रीमंती झगा, ओढायला पाइप. माणसाचं मांस त्याला आवडतं, तो रूप बदलून फसवतो आणि मंतरलेल्या बाणाने मरतो. तो सर्वांत आधी भारतात आढळला आणि आता इतरत्र पसरतो आहे, अशीही माहिती दिली आहे. नावासोबत, रक्तगट लिहावा तसा, एक शिक्का आहे: 'लॉफुल इव्हिल'. म्हणजे नियम पाळणारा दुष्ट.

हे पुस्तक 'मॉन्स्टर मॅन्युअल', आणि ज्या खेळासाठी ते लिहिलं गेलं तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली तो बाजारात आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग आणि त्यातली संकटं सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधल्या पोरांनी आपल्या राक्षसाला दिलेलं 'डेमोगॉर्गन' हे नाव याच खेळातलं. २०२३ साली जगभर गाजलेला 'बाल्डर्स गेट ३' हा संगणकावरचा खेळ याच नियमांवर चालतो. मुंबई, पुणे, बंगळुरूच्या बोर्डगेम कॅफेंमध्ये शनिवार-रविवारी हे फासे खुळखुळत असतात.

जातिअंताच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. माझं उत्तर सरळ आहे. आपल्याकडे कोण देव आणि कोण असुर याचे नियम रूढीत, कीर्तनात, आजीच्या गोष्टीत मुरलेले असतात. ते कुणी ठरवले, कधी ठरवले, असं विचारलं की भावना दुखावतात. या खेळात तेच नियम तक्त्यांमध्ये छापलेले आहेत. लेखकाचं नाव आहे, साल आहे, पुढच्या आवृत्तीत काय बदललं तेही आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून सोयीची गोष्ट कोणती?

आधी शिक्क्याबद्दल. १९७४ मध्ये तीनच बाजू होत्या: सुव्यवस्था, तटस्थता आणि गोंधळ. पुढे त्यावर चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष चढला आणि नऊ घरं तयार झाली. 'अलाइनमेंट' म्हणतात त्याला. माणूस कुठल्या घरात बसायचं ते निवडू शकतो. देव, सैतान आणि राक्षस यांना मात्र घर नेमून दिलेलं असतं. ऑर्कस, डेमोगॉर्गन हे डीमन सरदार 'गोंधळी दुष्ट', ॲस्मोडियसचे डेव्हिल 'नियमी दुष्ट'. त्यांचे लोकही वेगळे: डीमनांचं रसातळ, डेव्हिलांचे नऊ नरक. माणूस मेल्यावर कुठल्या लोकात जाणार, तेही घरावरून ठरतं.

१९८० साली 'डेईटीज अँड डेमिगॉड्स' आलं. त्यात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवांबरोबर भारतीय देवांचंही प्रकरण आहे. इंद्र, अग्नी, वरुण, विष्णू, यम, सगळ्यांना 'हिट पॉइंट' दिले आहेत. म्हणजे किती वार सोसल्यावर देव मरेल याचा आकडा. (आज असं पुस्तक भारतात काढून दाखवा!) विष्णू 'नियमी चांगला' झाला, काली 'गोंधळी दुष्ट' झाली. काळी, जीभ बाहेर, स्मशानात राहणारी, रक्त घेणारी; मग ती दुष्टच असणार, असं विस्कॉन्सिनमध्ये बसलेल्या माणसांना वाटलं. त्यांना हसण्यापूर्वी आपण आपल्या गावाकडे पाहावं. वेशीबाहेरच्या, कोंबडं-बकरं घेणाऱ्या मरीआई-म्हसोबाला 'क्षुद्र देवता' म्हणून वेगळ्या घरात बसवणाऱ्या पंडितांनी दुसरं काय केलं?

गंमत वरुणाची आहे. पुस्तकात तो देवांच्या यादीत निर्धास्त बसला आहे. पण ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटलेलं आहे, आणि तिथे ती शिवी नाही. इराणच्या अवेस्तात तर सगळं उलटं: अहुर म्हणजे परमेश्वर आणि दएव म्हणजे दुष्ट शक्ती. एकाच भाषिक कुळातल्या दोन शाखांनी तीच दोन नावं घेतली आणि शिक्के अदलाबदल करून लावले. असुर दुष्ट असतो हे निसर्गाने ठरवलेलं नाही, कोणत्या तरी टेबलावर ते ठरलं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त नेमकं हेच टेबल उलथून पाहिलं. दशावतार त्यांनी बाहेरून आलेल्यांच्या चढायांचा इतिहास म्हणून वाचला. राक्षस या शब्दामागे त्यांना रक्षक दिसला. बळीराजा हा शेतकऱ्यांचा राजा, खंडोबा आणि म्हसोबा त्याच्या राज्यकारभारातले अधिकारी: नऊ खंडांचा न्याय पाहणारा, महासुभ्याचा कारभार पाहणारा. या व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्रात टिकतात की नाही यावर वाद घालता येईल. पण ते ज्या प्रश्नापर्यंत पोचले होते तो प्रश्न टिकून आहे. कथेत ज्याला राक्षस म्हटलं आहे त्याच्याकडे काय होतं, आणि कथेच्या शेवटी ते कुणाकडे गेलं?

हा प्रश्न घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्सकडे गेलं की ग्रूम्श भेटतो. ग्रूम्श हा ऑर्क लोकांचा एकाक्ष देव आणि शिक्क्याप्रमाणे दुष्ट. पण १९८२ साली 'ड्रॅगन' मासिकात रॉजर मूर यांनी लिहिलेली त्याची कथा वाचा. सृष्टीच्या आरंभी देव जमले आणि आपापल्या प्रजेला कुठली जमीन द्यायची यासाठी त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. जंगलं एल्फांना, डोंगर ड्वार्फांना, अशी वाटणी झाली. ऑर्कांसाठी काहीच उरलं नाही आणि बाकीचे देव हसले. तेव्हा ग्रूम्शने भाला मारून डोंगरात खिंडारं पाडली आणि बजावलं, माझी लेकरं इथे राहतील आणि तुमच्या प्रजेकडून आपला वाटा हिसकावून घेतील.

ही दुष्टाची कथा म्हणून छापली गेली. मला ती भूमिहीनांची कथा वाटते. वाटणी देवांनी केली, नशिबाच्या नावाने केली, आणि वाट्याला काही न आलेल्याला वर हसले. गायरानावर नांगर धरला म्हणून मार खाल्लेल्या मराठवाड्यातल्या माणसाला ही गोष्ट सांगून पाहा, चांगलं कोण आणि दुष्ट कोण हे त्याला समजावून सांगावं लागणार नाही. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांत लोक तुरुंगात गेले ते याच वाटणीची फेरतपासणी मागत होते.

ग्रूम्शच्या डोळ्याचंही तसंच. एल्फ सांगतात, आमच्या कोरेलॉनने लढाईत त्याचा डोळा फोडला. ऑर्कांचे पुजारी सांगतात, आमचा देव पहिल्यापासूनच एका डोळ्याचा आहे, फोडला वगैरे काही नाही. दोन्ही बाजूंच्या कथा नोंदवण्याइतका प्रामाणिकपणा लेखकांकडे होता. शिक्का मात्र एकाच बाजूला लागला.

आता माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत जड ऐवज. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये एक तक्ता आहे: कुठल्या 'रेस'च्या पात्राला कुठला व्यवसाय करता येईल आणि त्यात किती पायऱ्या चढता येतील. माणसाला सगळे व्यवसाय खुले, आणि बहुतेकांत वर मर्यादाच नाही. पॅलाडिन, म्हणजे धर्मवीर, फक्त माणूसच होऊ शकतो. ड्वार्फाला जादूविद्या शिकता येत नाही. अर्ध-ऑर्क, म्हणजे ऑर्क आणि माणूस यांच्या संकरातून जन्मलेला, त्यालाही विद्या नाही. तो पुरोहित होऊ शकतो, पण चौथ्या पायरीपर्यंत. योद्धा झाला तर दहावीपर्यंत. त्याला एकाच धंद्यात अमर्याद चढता येतं: मारेकऱ्याच्या.

हे वाचताना मला खेळ दिसत नाही, मनुस्मृती दिसते. जन्मावरून व्यवसाय, विद्येला बंदी, संकराला खालचं स्थान, आणि हिंसेचं काम मात्र पूर्ण खुलं. बाबासाहेबांनी जातीबद्दल जो भेद दाखवला होता, की ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, तो इथे एका पानाच्या तक्त्यात मावला आहे. त्याच पुस्तकात आणखी एक तक्ता आहे, कोणती रेस दुसरीकडे कशी पाहते याचा. पसंती, सदिच्छा, सहनशीलता, तटस्थता, तिटकारा, द्वेष, अशी सहा अक्षरं, आणि प्रत्येक जोडीला एक अक्षर. श्रेणीबद्ध विषमतेचं इतकं नीटनेटकं कोष्टक मी समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही पाहिलेलं नाही.

गायगॅक्सला मनुस्मृती माहीत होती असं मला अजिबात सुचवायचं नाही. त्याला माणसांना केंद्रस्थानी ठेवणारं जग हवं होतं आणि खेळाचा तोल सांभाळायचा होता. पण जन्मावर आधारलेली उतरंड रचायला घेतली की विस्कॉन्सिन असो की गंगेचं खोरं, माणूस त्याच हत्यारांपाशी पोचतो. आणि 'तोल' हा शब्दही ओळखीचा आहे. वर्णव्यवस्थेचं समर्थन करणारेही समाजाचा तोलच सांभाळत असतात.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हे निर्बंध काढून टाकले गेले. कुणीही काहीही शिकावं, कितीही चढावं. आभाळ कोसळलं नाही, उलट खेळ वाढला.

जन्मजात दुष्टपणा मात्र राहिला. २०१४ च्या आवृत्तीतही असं लिहिलेलं होतं की ऑर्काने चांगुलपणा निवडला तरी त्याला आयुष्यभर आपल्या उपजत प्रवृत्तीशी झगडावं लागतं. महाराष्ट्रातल्या पारधी वस्तीवर कुणाला हे वाक्य वाचून दाखवलं तर त्यांना ते परकं वाटणार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा पाया हाच होता: गुन्हा रक्तात असतो, माणूस निर्दोष राहिला तरी तो तूर्तास निर्दोष. कायदा १९५२ मध्ये गेला, पोलिसांची नजर गेली नाही. गायगॅक्सला २००५ मध्ये विचारलं गेलं होतं की शरण आलेल्या दुष्ट शत्रूला धर्मवीराने मारावं का. मारण्याच्या बाजूने बोलताना त्याने कर्नल चिव्हिंग्टनचं, लिखांच्याच पुढे उवा होतात या अर्थाचं, कुप्रसिद्ध वाक्य आणलं. १८६४ च्या नोव्हेंबरमध्ये याच चिव्हिंग्टनच्या सैनिकांनी कोलोरॅडोतल्या सँड क्रीकवर शायेन आणि अरापाहो लोकांच्या छावणीत कत्तल केली. मारल्या गेलेल्यांत बहुसंख्य बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. 'अरे, नुसता खेळ आहे' म्हणणाऱ्यांसाठी एवढं एक उदाहरण मला पुरतं.

जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतरच्या आंदोलनांच्या दिवसांत, हा खेळ काढणाऱ्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने मान्य केलं की ऑर्क आणि काळ्या त्वचेचे ड्राव यांचं चित्रण खऱ्या वांशिक गटांच्या बदनामीची आठवण करून देतं. २०२२ मध्ये हॅडोझी या माकडासारख्या लोकांची गुलामीची कथा अंगाशी आली, तेव्हा माफी मागून तो मजकूर काढला. त्याच वर्षाअखेरीस 'रेस' हा शब्दच सोडायचं जाहीर झालं आणि २०२४ च्या पुस्तकात त्याजागी 'स्पीशीज' आला.

यात दाद देण्यासारखं आहे, तसं खटकणारंही आहे. वंश ही समाजाने रचलेली गोष्ट आहे हे सांगायला शंभर वर्षं गेली, आणि कंपनीने पर्याय निवडला तो थेट जीवशास्त्रातला. अर्ध-ऑर्क तर २०२४ च्या हँडबुकमधून नाहीसाच झाला. संकरित माणसाची अडचण होते म्हणून त्याला पुस्तकातून काढायचं, हा उपाय आपण ऐकलेला आहे.

आणि जात? तिच्याबद्दल या चर्चेत, माझ्या वाचनात तरी, जवळजवळ काही नाही. याच परंपरेतल्या 'पाथफाइंडर' या दुसऱ्या खेळात राक्षसांना जातिव्यवस्था देऊन टाकली आहे. तिच्यातली नावं पागल, गोश्त, दर्शक, परदेशी, हाकीम, सम्राट या आपल्या रोजच्या शब्दांवरून घडवलेली. द्रोही खाली, मग खाद्य, मग सेवक, वर अधिपती. इतर सगळे जीवही राक्षसांच्या लेखी याच उतरंडीत बसतात. एका अर्थी हे निरीक्षण अचूक आहे: जात मानणं हे राक्षसी काम आहे! पण नीट पाहिलं तर जात इथे मसाल्यासारखी वापरली आहे, वाघाच्या डोक्यासारखीच भारतीयपणाची खूण म्हणून. ज्यांनी ती भोगली त्यांचा या सजावटीत पत्ताच नाही. विझार्ड्सचं मुख्यालय ज्या रेंटनमध्ये आहे ते सिॲटलला लागून आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी घालणारं सिॲटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. जात ही तिथल्या कचेऱ्यांतली, भाड्याच्या घरांतली गोष्ट आहे हे नगरपरिषदेला कळलं. खेळ लिहिणाऱ्यांच्या टेबलापर्यंत ते अजून पोचायचं आहे.

पोचवणार कोण, हाही प्रश्न आहे. भारतात हा खेळ इंग्रजीत चालतो. पुस्तकं महाग असतात, आणि टेबलावरची आडनावं बहुतेक ओळखीची असतात. मी एकदा मित्रांसाठी ग्रूम्शच्या वाटणीची गोष्ट ऑर्कांच्या बाजूने लावली. शत्रूच्या गावात शिरल्यावर खेळाडूंना सातबारासारखे कागद सापडतात, ते वाचून जमीन मुळात कुणाची होती ते कळतं, अशी रचना. अर्ध्या तासाने एक जण कंटाळून म्हणाला, "ते सगळं ठीक आहे, पण मग मारायचं कोणाला?" मला तो प्रश्न वाईट हेतूचा वाटला नाही. दुष्ट कोण हे आधीच ठरवून मिळालं की हात मोकळे होतात. या खेळाची आणि पुराणांचीही अर्धी मजा त्यात आहे.

आपल्याच मातीतले खेळ वेगळे असतील, ही आशा ठेवायला हरकत नव्हती. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली 'राजी: ॲन एन्शंट एपिक' काढला. तो देखणा आहे, आणि भारतात असं काम होतं याचा मला आनंद आहे. नायिका राजी ही कसरती करणारी अनाथ मुलगी. म्हणजे आपल्या भाषेत डोंबाऱ्याची, कोल्हाट्याची पोर म्हणावी अशी, भटक्या-विमुक्तांच्या यादीत जिची नोंद झाली असती. देवी दुर्गा तिला निवडते आणि असुरांचा संहार करायला पाठवते. असुरांच्या अधिपतीचं नाव महाबलासुर. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. महाबलासुराला आपली बाजू मांडायला निवेदक मिळालेला नाही. ज्या राज्यात दिवाळीच्या पाडव्याला बायका आजही बळीचं राज्य येवो म्हणून ओवाळतात, तिथल्या स्टुडिओला असुराचं नाव ठेवताना बळी आठवला नसेल का? आठवला असेल तर ते जास्तच बोचतं.

नुसते शिक्के उलटे करून भागणार नाही, हेही बोललं पाहिजे. आपल्यातल्या काहींना रावण सरसकट आपला वाटतो. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात रावणाची मूर्ती पुजली जाते, गोंडांमध्ये त्याला मानणारे आहेत, पेरियारांच्या चळवळीने त्याला द्रविड अभिमान दिला. या परंपरा खऱ्या आहेत. पण पुराणातला रावण पुलस्त्याचा नातू आहे, ब्राह्मण आहे. त्याला बहुजन नायक करताना एवढा तपशील गिळून पुढे जाणं मला पटत नाही. फुल्यांनी बळीला नुसता 'चांगला' म्हटलं नाही, त्याच्या राज्यात जमीन, न्याय आणि कारभार कसा होता याचं चित्र उभं केलं. उलटा शिक्का आणि पर्यायी राज्य यांत एवढा फरक आहे.

असा फेरविचार टेबलावर केला तर फार तर एक मित्र कंटाळतो. देशात केला तर काय होतं, त्याचा इतिहास ताजा आहे. १९८७ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाबासाहेबांचं 'रिडल्स इन हिंदुइझम' छापलं, तेव्हा राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून मोर्चे निघाले. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'फॉरवर्ड प्रेस' मासिकाचा महिषासुरावरचा अंक दिल्लीत पोलिसांनी जप्त केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये जेएनयूतल्या महिषासुर शहादत दिनाचं पत्रक संसदेत देशद्रोहाचा पुरावा असावा तसं वाचलं गेलं. म्हैसूरमध्ये महिष दसरा साजरा करणाऱ्यांना परवानगीसाठी झगडावं लागतं. अमेरिकी कंपनीला ऑर्कांबद्दल चूक कबूल करायला शेचाळीस वर्षं लागली. आपल्याकडे प्रश्न विचारणाराच आरोपी होतो.

आणि असुर तर नुसते कथेतले नाहीत. झारखंडमध्ये नेतरहाटच्या पठारावर, गुमला आणि लातेहार जिल्ह्यांत, असुर नावाची आदिवासी जमात राहते. दगडातून लोखंड गाळणं ही त्यांची पिढीजात विद्या, आणि सरकारी यादीत ते विशेष दुर्बल आदिवासी गट आहेत. त्यांच्या पठाराखाली बॉक्साइट आहे आणि खाणी त्यांच्या गावांना लागून चालतात. दुर्गापूजेच्या दिवसांत तिथली काही कुटुंबं दारं लावून शोक पाळत आली आहेत. त्यांची भाषा मरणपंथाला लागली म्हणून २०२० साली त्यांनी स्वतःचा मोबाइल रेडिओ सुरू केला; पेन ड्राइव्ह आणि भोंगा घेऊन तो आठवडी बाजारात वाजवतात. आपल्याकडचा पुढचा खेळ लिहिणाऱ्याने असुर अधिपतीला नाव आणि हिट पॉइंट देण्याआधी त्या बाजारात एक दिवस उभं राहून यावं.